पाठमोरा मूस

आमचे चिरंजीव डॅरेल बारा महिने बंदुकीच्या गोळ्यांवरच बोलतात. तांब्याची किती खोल जाते, शिशाची कुठे फुटते, कुठली हाड फोडून पलीकडे निघते. जेवताना, गुरांना चारा टाकताना, चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा. माझी थोरली बहीण ऑर्लीन मात्र दुकानात मिळेल ती साध्या शिशाच्या गोळ्यांची पेटी उचलते आणि घरी येते.

यंदा ताईला मूसच्या, म्हणजे हरणांच्या जातीतल्या सगळ्यात थोराड जनावराच्या, शिकारीचा परवाना लागला. आमच्या मोंटानात तो सोडतीत निघतो, आणि बहुतेकांचा जन्मात निघत नाही. ताई लग्न झाल्यापासून अर्ज करत होती. आता सत्तरी आली, गुडघे गेले. पुन्हा नंबर लागणं विसराच. मांसासाठी तिने फ्रीझर घासूनपुसून रिकामा ठेवला होता. हंगामाचा शेवटचा दिवस, रविवार, उजाडला, तरी मूस काही दिसला नव्हता.

दिवस कलताना ओढ्याकाठी तो दिसला. घोड्याहून उंच, शिंगं सुपांएवढी. आमच्याकडे पाठ करून वाळुंजीच्या डहाळ्या ओरबाडत होता.

"आत्या, मार," डॅरेल कुजबुजला.

"पाठ आहे त्याची."

"मग माझी बंदूक घे. ही गोळी मागून शिरली तरी छातीपर्यंत जाते."

"जाईल की. आतडी फाडत जाईल. ते मांस तू खाशील?"

"तुझ्या त्या गोळीनं तर ससाही मरायचा नाही."

"गेल्या वर्षी तुझ्या गोळीनं काय झालं रे?"

डॅरेलचा एल्क, सांबरासारखाच पण मोठा, पोटात गोळी घेऊन पळाला होता. आम्ही डोंगर पालथा घातला, पण डोमकावळे आमच्याआधी पोचले होते.

ताई बर्फात पालथी पडून राहिली. गाल बंदुकीला, बोट चापाबाहेर. मूस वळला, पण झुडपात शिरून. मान दिसत होती, पुठ्ठा दिसत होता; छाती फांद्यांआड. खोटं कशाला बोलू, मार ना एकदाची, असं मलाही वाटत होतं. ती हलली नाही. माझ्या बहिणीसारखी नेमबाज या खोऱ्यात दुसरी नाही, आणि तिने उभ्या जन्मात एकही जखमी जनावर रानात सोडलेलं नाही. ते का, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

सूर्यास्तानंतर अर्धा तास झाला की इथे कायद्याने शिकार बंद, बंदूक रिकामी करावी लागते. वेळ संपली. ताईने गोळी काढून खिशात टाकली. आणि तो बेटा डुलत डुलत उघड्यावर आला, अगदी आडवा उभा राहिला.

डॅरेलने कपाळाला हात लावला. मग, कधी नव्हे ते नरमाईने, त्याने विचारलं, "आत्या, कुठे मारली असतीस?"

ताईने दुर्बीण त्याच्या हातात दिली. "पुढच्या पायाच्या जरा मागे, निम्म्याच्या खाली. दिसतंय?"

"दिसतंय."

"तिथे तुझीही गोळी चालते आणि माझीही."

अंधार पडेपर्यंत तो पाहत राहिला. मग दोन्ही बंदुका त्यानेच खांद्यावर घेतल्या आणि पुढे झाला.

गाडीत बसल्यावर ताईने हातमोजे काढले आणि तोंड झाकून रडायला लागली.

"फार हवा होता रे मला तो," ती म्हणाली.

मी तिचा गार हात धरून बसलो. डॅरेलने गाडी सुरू केली.