सावल्यांची शिवाशिवी

माघाचे ऊन. पिकल्या बोरासारखे तांबूस, मधुगंधी ऊन. त्या उन्हात शाळा मुकी उभी होती. घंटा मुकी, फळा मुका, दाराला टपोरे कुलूप. गावात घटसर्प शिरला होता; कोवळे कंठ हुडकत घरामागून घर हिंडत होता.

पण बालपणाला कुलूप कोण घालणार? शाळेच्या सोनटक्केबाईंनी मुलांना नवा खेळ शिकवला. मैदानात लांब लांब उभे राहायचे, हाताने हाताला शिवायचे नाही. सावलीने सावलीला शिवायचे. आणि मग त्या धूलिधवल मैदानावर नीलश्यामल सावल्या धावल्या, भिडल्या, खिदळल्या.

एके दुपारी हंसा आली. तालुक्याच्या दवाखान्यातून परतलेली, नऊ वर्षांची, काडीसारखी. गळ्यावर शस्त्रक्रियेची गुलाबी खूण, आवाज घोगरा. तिथे शेजारच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ निजला होता, तो उठलाच नव्हता. "पोर आता बरी आहे, खुशाल खेळू द्या," असे डॉक्टर म्हणाले होते.

"मी पण येऊ?"

मैदान थबकले. तिच्या डब्यात जेवणारी, तिच्याच गजऱ्यातली अर्धी फुले माळणारी कुमुद दोन पावले मागे सरली.

"तू नको. तुझी सावलीसुद्धा नको. तुझा भाऊ मेलाय ना!"

कुणी हसले. कुणी खडा भिरकावला. हंसा कडेच्या शिरीषाखाली गेली. त्या विशाल छायेत तिची इवली छाया विरघळली, जणू ती जन्मलीच नव्हती. खेळ पुन्हा रंगला.

उन्हे कलली. केशरी झाली, मग रक्तवर्णी. हंसा झाडाखालून बाहेर आली. पाठीशी सूर्य, आणि पुढे, मैदानभर, तिची सावली. दीर्घ, कृश, सरपटत जाणारी.

"आली! आली!" किंचाळत पोरे उधळली. ती भयभीत पाखरे पाहून हंसाच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू उमलले. धोतऱ्याच्या फुलासारखे पांढरे, विषारी हसू.

कुमुद अडखळली. पडली. पाय मुरगळला, उठता येईना.

"हंसे, सरक ना गं! पाया पडते तुझ्या!"

हंसा सरकली. पुढे. एकच पाऊल. सावलीचे मस्तक तिने कुमुदच्या गळ्यावर अलगद टेकवले, आणि ती निश्चल उभी राहिली. कुमुद रडत होती, दोन्ही हातांनी गळा पुसत होती; पुसला न जाणारा तो काळिमा तिच्या बोटांवरून ओघळत होता.

सूर्य मावळायला अजून अवकाश होता.