बेट, बेट्ट आणि मी

मी एक जुनी सुटकेस आहे. रंग तपकिरी, कोपरे झिजलेले, आणि डावा खटका असा हट्टी की दोन माणसांनी जोर लावल्याशिवाय लागत नाही. मला चाकं नाहीत. माझ्या काळी सुटकेस उचलायला माणसं होती, मित्रांनो.

बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या दुकानातून मला हणमंतरावांनी आणलं. राजाजीनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बायकोला, भागीरथीबाईंना, समुद्र दाखवायचा म्हणून माझी खरेदी झाली. "या उन्हाळ्यात नक्की," ते दर वर्षी म्हणायचे. पण उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराईत कापडाचं दुकान बंद ठेवतं कोण? मी बारशांना गेले, लग्नांना गेले, दोनदा इस्पितळातही राहून आले. काय दणकट पेटी आहे, असं सगळे म्हणायचे. समुद्र मात्र राहिला. पुढे हणमंतरावही गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पोटात जुने स्वेटर, पाठीवर धूळ. कुणी ढुंकून बघेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

यंदा घरात सुट्टीचा बेत निघाला. बेत सुनेचा. शाल्मली पुण्याची, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आई, आपण तिघं बेटावर जाऊ या. चांगले आठ दिवस."

भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. "नको गं. मला जमायचं नाही. तुम्ही दोघं जाऊन या."

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात आणू कुठून? अहो, या घरात मराठी बोलतात खरी, पण ती तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेली. शाल्मलीचं बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. भागीरथीबाईंच्या कानात शिरला तो कन्नड बेट्ट, म्हणजे डोंगर. त्यांचे गुडघे घराचा जिना चढताना कुरकुरतात, डोंगर कसला चढतायत? आणि गुडघ्यांचं रडगाणं सुनेपुढे गायचं नाही, हा त्यांचा बाणा.

शाल्मलीला वाटलं, आईंना आपली सोबतच नको आहे. तीही मानी. "नको तर नको," ती नवऱ्याला, विनोदकुमारला म्हणाली. "उद्या संध्याकाळी दोनच तिकिटं काढते." इतक्या वर्षांनी दाराशी आलेला समुद्र एका शब्दावरून परत चालला होता, आणि मला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी भागीरथीबाईंनी मला खाली काढायला लावलं. ओल्या फडक्याने पुसलं. स्वेटर उन्हात झटकून पुन्हा घडी घातले, वर दोन कानटोप्या ठेवल्या. आपण जाणार नाही, पण पोरांना थंडी वाजू नये, एवढीच त्यांची काळजी. मग खटका काही लागेना. "शाल्मली, स्वल्प इकडे ये गं," त्यांनी हाक मारली. "झाकण दाबून धर."

तो खटका मी मुद्दाम अडवून धरला, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा.

शाल्मलीने आत पाहिलं. "आई, स्वेटर कशाला? तिथे घामाच्या धारा लागतील."

"बेट्टावर घाम? नंदीबेट्टावर आम्ही पहाटे कुडकुडलो होतो."

शाल्मली फरशीवर बसलीच. "आई, तो डोंगर झाला. मी बेट म्हणतेय. अंदमान. समुद्रातलं बेट."

भागीरथीबाईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "म्हणजे चढायचं नाही?"

"वाळूत बसायचं. पाय पाण्यात सोडायचे."

"सरी," त्या कन्नडात 'बरं' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "यांनी ही पेटी त्यासाठीच आणली होती."

शाल्मलीचे डोळे भरले. "मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे."

"वेडी की काय तू."

तिकिटं तीन निघाली. आज मी दारात उभी आहे, पोटात सुती लुगडी घेऊन. शेजारच्या चाकवाल्या बॅगा माझ्याकडे बघतायत. बघू देत.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, अधूनमधून उघडत जा. आणि घरातलं मोठं माणूस "नको" म्हणालं, तर तिथेच थांबू नका. जवळ बसा आणि विचारा, काय नको?

सकाळी विनोदकुमार माझ्या डाव्या खटक्याला तेल घालायला निघाला होता. भागीरथीबाईंनी त्याला थांबवलं. तो दोघींनी मिळूनच लावायचा, म्हणाल्या.