किड्यांचे डॉक्टर

त्या बालवाडीला भिंती नव्हत्या. तळ्याकाठची झाडी, एक पत्र्याची शेड आणि चिखलाने माखलेल्या छोट्या बुटांची रांग, एवढाच काय तो संसार. मुलांच्या घरचं कुणीतरी आळीपाळीने मदतीला यायचं. या वेळी ठमीच्या आईची ड्यूटी बदलली आणि पाळी बाबांवर आली.

बाबांचं काम घरोघरी झुरळांवर, वाळवीवर औषध मारायचं. अठरा वर्षं तेच. झाडीतल्या शाळेत आपण काय दिवे लावणार, या विचाराने ते आधीच कानकोंडे झाले होते. त्यात शेडपाशी पोचतात न पोचतात तोच पाच-सहा पोरं धावत आली.

"आले! किड्यांचे डॉक्टर आले!"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. साडेचार वर्षांची ठमी छाती फुगवून उभी होती. "मीच सांगितलं सगळ्यांना. माझे बाबा किड्यांना औषध देतात म्हणून."

बालवाडीच्या ताई ओठ दाबून हसू आवरत होत्या. बाबांना कुठे तोंड लपवू असं झालं. पण तोवर एकाने त्यांना हाताला धरून खाली बसवलं होतं. समोर एक भुंगेरा उताणा पडून पाय झाडत होता. बाबांनी काडी पुढे केली. त्याने ती घट्ट धरली, टुणकन सुलटा झाला आणि चालू पडला. पोरांनी टाळ्या पिटल्या. झालं, दवाखाना उघडला!

दोन वेण्यांच्या एका मुलीने त्यांना बाही ओढत झुडपापाशी नेलं. पानावर एक हिरवी अळी निपचित होती.

"कालपासून जेवली नाही. हलतपण नाही. हिला औषध द्या."

बाबा वाकले. "आजारी नाही गं ही. डोक्यामागे फुगलंय बघ. अंगावरची कात लहान झालीये, ती काढायचीये तिला. हात नका लावू. बसून राहा."

सगळे बसले. ताईसुद्धा. बऱ्याच वेळाने अळीच्या पाठीवरची कात उकलली आणि अळी हळूहळू अंग आक्रसत, ताणत बाहेर सरकली. नवीकोरी, ओलसर.

"स्वेटर काढला!" ठमी कुजबुजली.

किडा कात कधी टाकतो, अंडी कुठे घालतो, हे बाबांना तोंडपाठ होतं. औषध कधी मारायचं ते त्यावरच ठरायचं. पण असं शेवटपर्यंत बसून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

घरी जाताना ठमीने विचारलं, "बाबा, तुझ्या औषधाने किडे लगेच बरे होतात?"

बाबा थांबले. खोटं बोलणं सोपं होतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "नाही गं राणी. मरतात. घर पोखरणारे, अन्न नासवणारे किडे मारायचं काम आहे माझं. त्यालाही औषधच म्हणतात."

ठमीने हात सोडवून घेतला. घर येईपर्यंत ती पुढे पुढे चालत राहिली. झोपताना मात्र म्हणाली, "तू नको सांगू. मी सांगते शाळेत सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तिला सोडून बाबा काढता पाय घेणार, तोच मागून तिचा आवाज आला. "बाबांच्या औषधाने किडे बरे नाही होत. मरतात."

पोरं बाबांकडे बघायला लागली. बाबा मागे वळले.

"मग अळीचं त्यांना कसं कळलं?" वेण्यावालीने विचारलं.

"त्यांना कळतं ते," ठमी म्हणाली.

वेण्यावालीने जरा विचार केला. मग येऊन बाबांचं बोट धरलं. "औषध नका देऊ. नुसतं बघायला चला. ओंडक्याखाली कुणीतरी राहतंय."

कामाला अजून अर्धा तास होता. बाबांनी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली. ठमी आधीच ओंडक्यापाशी पोचली होती आणि "लवकर ये ना!" म्हणून त्यांना हाका मारत होती.