मनकर्णाबाईंचं पाठांतर

वक्तृत्वाचे अकरा कप घरात असले की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं येतं. मलाही तसंच वाटायचं. मी पुलगावची, वर्ध्याला लॉच्या शेवटच्या वर्षाला. २००२ च्या हिवाळ्यात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी हिंगणघाटच्या कोर्टात सरकारी वकील प्रभाकरराव यांच्याकडे रुजू झाले. मनात मी मोठं रुबाबदार ऑफिस रंगवलं होतं. निघाली एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि बिनइस्त्रीच्या कोटातले सर, जे साक्षीदार आला की स्वतः उठून त्याला आपली खुर्ची देत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना साफ कमी लेखलं. अजून त्याची लाज वाटते.

विद्यार्थ्यांना ते एकच काम देत. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं निघून जातात, म्हणून साक्षीदाराने पोलिसांना दिलेला जबाब त्याला साक्षीच्या आधी व्हरांड्यात वाचून दाखवायचा.

"जया, एकदाच वाचजो," सर बजावायचे. "मंग कागद मिटजो अन् त्यायचं आयकजो. काही अलग बोलले तं मले येऊन सांगजो."

त्या दिवशी वडनेरच्या नत्थूजींचा खटला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात शेजारच्या अंकुशने त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं होतं आणि डावा कान कायमचा गेला होता. आरोपी दोघे, अंकुश आणि त्याचा थोरला भाऊ हेमराज. डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार एकच, नत्थूजींची बायको मनकर्णाबाई. ती पडली तर खटला पडला. नत्थूजी दर वाक्याला उजवा कान पुढे करून "काय म्हनते?" असं विचारत होते, ते बघून माझं डोकं फिरलं. दोघांनाही आत टाकल्याशिवाय सोडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं, जणू निकाल मलाच द्यायचा होता.

मनकर्णाबाई सकाळी कापूस वेचायचा सोडून आल्या होत्या. मी जबाब वाचला. त्या म्हणाल्या, "पन बाई, हेमराज तं..."

"कागदावर आहे तेच बोला," मी त्यांना मधेच तोडलं. "दुसरं काही बोललात तर दोघंही सुटतील."

आणि पाढे म्हणून घ्यावेत तसा मी तो जबाब त्यांच्याकडून सात वेळा म्हणून घेतला. बाई हुशार. एक अक्षर चुकल्या नाहीत. मी स्वतःवरच खूश.

कोर्टात त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "त्यावेळी नामे अंकुश व नामे हेमराज यांनी संगनमत करून माझ्या पतीस मारहाण केली." टायपिस्टचे हात थांबले. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत माझे अकराच्या अकरा कप पाण्यात गेले.

आरोपींचे वकील भैय्याजी हे मुरलेले गृहस्थ. ते हसतच उठले. "बाई, संगनमत मंजे काय?"

बाईंनी नुसता पदर सावरला.

"बरं, पुन्हा सांगा काय झालं ते."

बाईंनी पुन्हा तेच, तसंच, 'नामे'सकट म्हटलं. कोर्टात हशा पिकला.

"कोनं पाठ करून घेतलं?"

बाईंची नजर माझ्यावर आली आणि पुढे सरकली. "कोनी नाई," त्या म्हणाल्या. शपथेवर, माझ्यासाठी.

इतक्यात जेवणाची सुट्टी झाली. मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, 'पन हेमराज तं' सुद्धा. रडतही होते. मला वाटलं, आता फाइल डोक्यात बसणार. उलटतपासणी अर्धी असताना साक्षीदाराशी बोलायचं नसतं, म्हणून सर बाईंच्या जवळसुद्धा गेले नाहीत. डबा तसाच ठेवून त्यांनी कोट चढवला.

कोर्ट बसताच ते उभे राहिले. "साहेब, साक्षीदाराकडून जबाब पाठ करून घेतला गेला. माझ्या कार्यालयाकडून. ही चूक माझी आहे, नोंद घ्यावी. आणि उलटतपासणी थांबवून बाईंना पुन्हा प्रश्न विचारायची परवानगी असावी." माझं नाव नाही. माझ्याकडे बोटही नाही.

परवानगी मिळाली. "मनकर्णाबाई, कागद सोडा," सर म्हणाले. "तुमी काय पाह्यलं?"

"साहेब, मी मंगाशी खोटी बोलली. पोरीची नोकरी जाईन मनून." मग त्यांनी दोन्ही हातांनी पिंजऱ्याची दांडी धरली. "अंकुश मारून राह्यला होता. हेमराज धावत आलता, 'सोड रे, बुढा मरते' मने. त्यानं दांडा धरला मनून माहा मानूस वाचला. पोलिसायले बी सांगतलं होतं मी. त्यायनं दोघायचं नाव लिहलं."

भैय्याजी उठले आणि तसेच उभे राहिले. बाईंना खोटं ठरवावं तर हेमराज अडकतो, खरं मानावं तर अंकुश जातो. "काही विचारायचं नाही," म्हणून ते खाली बसले. हेमराजने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. हेमराज निर्दोष, अंकुशला शिक्षा. आणि निकालपत्रात एक परिच्छेद प्रभाकररावांवर. साक्षीदार पढवल्याबद्दल, बेजबाबदारपणाबद्दल, त्यांच्या नावानिशी ताशेरे. बावीस वर्षांच्या नोकरीतले पहिले. मी तो तिथेच, त्यांच्या टेबलाशी उभी राहून वाचला. अक्षरं दिसेनाशी झाली.

"सर, हे माझ्या नावावर पाहिजे होतं. मी उद्यापासून येत नाही."

सर कपाटात काही शोधत होते. एक फाइल काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"भाईर साक्षीदार बसून आहे. जाय, वाचून दाखव."

"मी?"

"मंग कोन?" ते म्हणाले. "चूक किती माहागात पडते, हे या हापिसात आता तुह्यापेक्षा जास्त कोनाले समजते?"