चादरीखालची मगर

"ज्या समाजाला आपली मगर सांभाळता येत नाही, त्या समाजाला इतिहास कधीही क्षमा करत नाही!"

एवढं बोलून क्लचमास्तरांनी मूठ आपटायला हात उचलला, तोच त्यांचं बिस्किट चहात पडलं आणि इतिहासाला थोडा वेळ थांबावं लागलं. चमच्यानं ते बाहेर काढेपर्यंत सभा स्तब्ध होती.

क्लचमास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. देहानं इतके ऐसपैस, की दोघांच्या सोफ्यावर ते एकटेच मावत आणि तेही जरा तिरके. समितीचे खरे अध्यक्ष, म्हणजे घरमालक चष्मेवाले, समोर स्टुलावर अंग चोरून बसले होते.

समिती होती पाताळसफर बचाव समिती. शहराबाहेरच्या मनोरंजन उद्यानात पाताळसफर नावाची जुनी राइड होती. अंधाऱ्या बोगद्यातून होडी जायची, भिंतींवरचे नाग फुत्कारायचे आणि शेवटच्या वळणावर पाण्यातून मगर वर यायची. फार वर्षांपूर्वी तिचा जबडा अर्धवट उघडून अडकला, तो तसाच राहिला. उद्यानवाले त्याला बिघाड म्हणत. समिती त्याला स्मितहास्य म्हणे, आणि त्या स्मितात करुणा आहे की उपहास, यावरून समितीत दोन तट होते. आता उद्यानवाले हे सगळं पाडून तिथे नवं पाताळ बांधणार होते. दुःखानं समितीच्या घशाखाली चहा-बिस्किटांशिवाय काही उतरत नव्हतं.

चष्मेवाल्यांच्या घशाखाली तेही उतरत नव्हतं. कारण नव्या पाताळाचा आराखडा काढणारी व्यक्ती त्यांची मुलगी होती, आणि हे समितीला ठाऊक नव्हतं.

त्यात भर म्हणजे, त्या पाताळाचं पुठ्ठ्याचं मॉडेल याच खोलीत, जेवणाच्या टेबलावर, क्लचमास्तरांच्या कोपरापासून हातभर अंतरावर चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. मुलीनं ते काल घरी आणलं होतं. "बाबा, साहेबांना दाखवायच्या आधी तुम्ही एकदा बघा," ती म्हणाली होती. "तुम्हाला पटलं तरच पुढे नेते. तुमच्याइतकी ती राइड कुणाला माहितीये?" चष्मेवाल्यांनी काल डोकं दुखतंय म्हणून टाळलं, आज सकाळी दुकान उघडायचंय म्हणून टाळलं. वाईट निघालं तर पोरीला काय सांगायचं? आणि चांगलं निघालं तर समितीला काय सांगायचं? यापेक्षा न बघितलेलं बरं. आयुष्यभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपलेला माणूस स्वतःच्या घरात चादरीकडे पाठ करून बसला होता.

आणि ऑफिस सुटून पोरगी आता कुठल्याही क्षणी येणार होती.

"हे काय आहे हो?" दातांचे डॉक्टर रिकामा कप चादरीच्या उंचवट्यावर टेकवायच्या बेतात होते.

"अं... शिलाई मशीन!" चष्मेवाले ओरडलेच.

"एवढं मोठं?"

"ह्यांचे लेंगे शिवायचेत," स्वयंपाकघराच्या दारातून पत्नी शांतपणे म्हणाली आणि डॉक्टरांच्या हातातला कप काढून घेतला. नवऱ्याशेजारून जाताना पुटपुटली, "सांगून टाका की एकदाचं. घामानं शर्ट बघा कसा झालाय."

"तू आत जा गं."

"मी आतच असते. बाहेर तुम्ही अडकलाय."

तेवढ्यात निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत, निषेधाचा मसुदा घेऊन उभ्या राहिल्या. वर्ग गप्प व्हावा तशी सभा गप्प झाली.

"ऐका. 'सदर आराखडा काढणाऱ्या व्यक्तीनं लहानपणी पाताळसफरीच्या होडीत कधी पाऊलही ठेवलेलं नसावं. मगरीला तिनं कधी जीव लावलेला नसावा.' बरोबर?"

"झकास!" क्लचमास्तर म्हणाले. "त्यात 'गाढव' शब्द कुठेतरी बसवा."

"बसत नाही."

"बसवला की बसतो. चष्मेवाले, पहिली सही तुमची."

चष्मेवाल्यांनी पेन हातात घेतलं. डोळ्यांपुढे दुसरंच काही येत होतं. होडीच्या पहिल्या बाकड्यावर मांडीत बसलेली दोन वेण्यांची पोर, वळण आलं की त्यांची कॉलर घट्ट धरायची आणि मगर दिसली की ओरडायची, "बाबा, ती आपल्याला ओळखते!" स्मितहास्य हा शोध समितीचा नव्हताच. तो त्या पोरीचा होता. चष्मेवाल्यांनी तो समितीत स्वतःच्या नावावर खपवला होता.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"होडीत पाऊल ठेवलंय तिनं. मीच बसवायचो. माझी मुलगी आहे ती."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी उठून चादर ओढली. धीर होता तोवर उरकून घेतलं, एवढंच.

टेबलावर पाताळ उभं होतं. नवे खडक, नवा बोगदा, निळ्या कागदाचं पाणी. सभा आधी एक पाऊल मागे सरली आणि मग, कुणी न सांगता, दोन पावलं पुढे.

"होडीत चढायचा धक्का उजवीकडे नेलाय," डॉक्टर चिडून म्हणाले.

"रांग उन्हातून हलली त्यामुळे," बाई वाकून बघत म्हणाल्या. "पण नाग केवढे हिरवे! भाजीवाल्याकडचे वाटतात."

"होडी दिसत नाही नीट," क्लचमास्तर गुरगुरले. "सरका जरा."

दार वाजलं नाही, किल्लीनं उघडलं. मुलगी आत आली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या मॉडेलभोवती सगळी डोकी जमली होती, आणि बाईंच्या हातातला मसुदा तिला दारातूनच वाचता येत होता. बाईंचं अक्षर फळ्यावरचं होतं.

ती समितीकडे बघतच नव्हती. "बघितलंत, बाबा?" तिनं विचारलं. आवाज लहान झाला होता.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शेवटच्या वळणावर वाकले. निळ्या कागदातून बोटाएवढी मगर वर आली होती. जबडा अर्धवट उघडा.

"मेकॅनिक म्हणाला, नव्यात दुरुस्त करून टाकू," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "म्हटलं, हात लावून तर बघ."

चष्मेवाल्यांनी नाक जवळजवळ मगरीला टेकवलं. मग म्हणाले, "जबडा किंचित जास्त उघडलाय. आपली एवढी हसत नाही."

"मिटवते थोडा," ती म्हणाली, आणि खांद्यावरची पिशवी तिनं तेव्हा कुठे खाली ठेवली.

आता सगळ्यांच्या नजरा क्लचमास्तरांकडे वळल्या. त्यांनी टेबलाला एक सबंध फेरी मारली. बोगद्यात डोळा लावला. मगरीपाशी थांबून नाकातून मोठा श्वास घेतला. चष्मेवाल्यांनी स्टुलाची कड धरली.

क्लचमास्तरांनी घसा खाकरला, बाईंकडे पाठ केली आणि मुलीच्या कानाशी झुकून हळूच म्हणाले, "पोरी, तेवढं पहिलं बाकडं जरा रुंद करता येईल का गं?"