जाळ अन् धूर संगटच

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या विजयसिंहांच्या बायकोला, शालूबाईला, घरात नवऱ्याशी बोलायची सवयच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, दोन चुलतसासवा आणि कान टवकारून बसलेली एक आत्या. त्यांच्यादेखत नवऱ्याशी बोललं तर जीभ झडेल, अशी रीत. रीत लावणाऱ्या सगळ्या कधीच्या वर गेल्या, रीत तेवढी खाली राहिली. अजूनही शालूबाई "जेवायला वाढलंय" म्हणायची ते भिंतीकडं बघून. भिंत उठून पाटावर बसायची तेवढी बाकी होती.

बोलायची ती फक्त गाडीत.

गाडी म्हणजे दोन दारांची, लाल, रस्त्याला पोट घासत जाणारी जुनी जपानी स्पोर्ट्स कार. कुणी सिनेमावाल्यानं शूटिंगला आणली अन् न्यायची विसरला, असं विजयसिंह सांगायचे. त्यांच्या सांगण्यातनं तो सिनेमावाला दर वर्षी जरा जास्तच मोठा हिरो होत गेला. रविवारी सकाळी दोघं राधानगरी रोडला लागायचे. तिसऱ्या गिअरात गाडी मांजरागत घुरघुरायला लागली की शालूबाईचं तोंड उघडायचं. माहेरचं, गुडघ्याचं, शेजारणीच्या सुनेचं, आठवडाभराचं साठलेलं सगळं. एकदा तर ती इतकं बोलली की काचा आतनं धुरकटल्या, आणि वायपर आतल्या बाजूला नसतो याचं विजयसिंहांना पहिल्यांदा वाईट वाटलं.

बरं चाललेलं. पण एका रविवारी हौसेनं पन्हाळ्याला निघाले आणि चढाला पुतण्या राजवीर नवी डिझेल गाडी घेऊन शेजारी आला. काच खाली.

"काका, ढकलू काय मागनं?"

पों करून हॉर्न मारला अन् गेला. शालूबाई एकदम गप्प झाली ती घरापर्यंत गप्पच. तिला लाज वाटली, असं विजयसिंहांनी धरलं. तिला खरं तर त्या हॉर्ननं दचकून ठसका लागला होता, तो ती पदरात दाबत होती. पण हे तिनं सांगावं कुठं? ठसका थांबेपर्यंत गाडी पेठेत आलेली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह उद्यमनगरात. तिथल्या एका गॅरेजात नागपूरकडचा ऋतुराज लॅपटॉप लावून गाड्यांच्या इंजिनच्या कॉम्प्युटरात नवा प्रोग्राम भरायचा. पोरगा सरळ होता.

"काका, खरं सांगू का? जुनी गाडी आहे, टर्बो नाही. ताकद वाढेल ती तुम्हाला कळणारसुद्धा नाही. त्यापेक्षा टायर बदला, ब्रेक बघून घ्या."

"पावणं, मला थांबायचंय का पळायचंय? तू बसीव गप. जाळ अन् धूर संगटच निघाला पायजे!"

कोल्हापुरात याचा अर्थ एवढाच, की काम एक नंबर व्हावं. इथं जाळ अन् धूर मिसळीतनं संगट निघतो, फुटबॉलच्या किकमधनं निघतो, एखादीच्या नुसत्या बघण्यातनंही निघतो. पण ऋतुराज नुकताच आलेला.

"नक्की ना काका? दोन्ही?"

"दोन्ही! संगटच!"

गाडी घेऊन विजयसिंह पेठेत वळले आणि वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. धाड! मागच्या नळकांड्यातनं हातभर जाळ, त्याच्या मागनं काळा धूर. फुटबॉलची मॅच जिंकल्याचा फटाका समजून तालमीतली पोरं गुलाल घेऊनच बाहेर पडली.

"कोण जिकलं? कोण जिकलं?"

मॅच नव्हतीच त्या दिवशी, पण गुलाल उधळून झाला होता. "नाद खुळा, काका!" कोपऱ्यावरचा चमनभाई गाड्यावरचं कणीस घेऊन पळत आला अन् म्हणाला, "काका, जरा पाय काढा की परत." कणीस भाजलं म्हणतात. एका बाजूनं.

आता पाय ठेवला तर गाडी पळायची, काढला तर फुटायची. विजयसिंह उद्यमनगरात परत गेले.

"आरं, काय केलंस हे?"

"तुम्हीच म्हणालात, काका. जाळ आणि धूर."

"ती बोलायची पद्धत हाय रं!"

ऋतुराजचा चेहरा पडला. "मला खरंच वाटलं. जाळ बंद करतो. पण पहिली चाल नाही आणता येणार. जुना प्रोग्राम बाहेर निघतच नव्हता, तुम्ही बसीव म्हणालात, म्हणून त्याच्यावरच नवा लिहिला."

"म्हंजे जुना हाय कुठं?"

"कुठंच नाही, काका."

त्यानं जाळ बंद केला, तर गाडी उचक्या देऊन दर चौकात बंद पडू लागली. उचक्या बंद केल्या, तर जाळ परत आला. शेवटी उचक्यांपेक्षा जाळ परवडला म्हणून विजयसिंह गाडी तशीच घरी घेऊन आले.

रविवारी शालूबाई पदर सावरून शेजारी बसली. अंगणात, गाडी बंद असताना, विजयसिंह म्हणाले, "बोल की इथंच. कोण हाय ऐकायला?"

तिनं घराच्या दाराकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग त्यांनी चावी फिरवली.

राधानगरी रोडला ती बोलायला लागली. ओठ हलताना दिसत होते, बांगड्या हलत होत्या. गाडी गर्जत होती, आणि जरा ऐकावं म्हणून पाय हलका केला की धाड! एखादं पहिलं अक्षर ऐकू यायचं अन् एखादं शेवटचं, मधलं सगळं धुरात. विजयसिंह मान हलवत राहिले. व्हय. व्हय की. बरं.

हळदी गावाच्या अलीकडं तिनं काहीतरी विचारलं. या वेळी नुसतं बोलून सोडलं नाही, त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली. डोळे भरलेले.

"व्हय," विजयसिंह म्हणाले.

ती बघतच राहिली. मग खिडकीकडं तोंड केलं आणि पदरानं डोळे टिपले. पुढं ओठ हलले नाहीत.

काय विचारलं, हे आता विचारायचं कसं? घरी ती बोलणार नव्हती, आणि गाडीत ऐकू येणार नव्हतं. परत पेठेत वळताना विजयसिंहांनी पाय काढायचा नाही म्हणून दात घट्ट आवळले, पण समोरनं म्हैस आली. धाड!

"काका, जाळ अन् धूर संगटच!" पोरं ओरडली.

विजयसिंहांनी हात वर केला. दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतंच.