पाणी पिणारा पेला

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी जो तो एकटाच आला होता. कुणाचा नवरा गेला होता, कुणाची आई, कुणाचं लेकरू. समोर जाड लाकडी ठोकळ्यावर चिनी मातीचा एक पांढरा पेला, आणि पेल्याच्या मधोमध चिनी मातीचाच बोटभर उंचीचा म्हातारा. महाराज गेलेल्या माणसाचं नाव घेत, पेल्यात पाणी ओतत, आणि बघता बघता पाणी नाहीसं होई. गेलेला माणूस येऊन पिऊन जातो म्हणे. कधी पाणी तसंच राहिलं, तर तो रुसलाय, पुढच्या बैठकीला या, असं सांगून महाराज मोकळे होत. पेला हजार वर्षांचा. गुरूंच्या गुरूंनी तपाच्या जोरावर घडवलेला. त्याला ना चाक लागलं, ना भट्टी!

या गर्दीत म्युझियमच्या निवृत्त बाईही होत्या. कपबश्या पालथ्या करून, तळाचा शिक्का पाहून, भांडं कुठल्या कारखान्याचं नि कधीचं हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बुवाबाजीला त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. पण नवरा गेला आणि घर खायला उठलं. रेडिओ लावला तरी शांतता हटेना. शेजारीण म्हणाली, एकदा येऊन तर बघा. बाई आल्या.

त्यांची पाळी आली. महाराजांनी नवऱ्याचं नाव घेतलं. पाणी म्हाताऱ्याच्या हनुवटीपर्यंत चढलं आणि सरसर उतरलं. बाईंना क्षणभर वाटलं, खरंच आला. डोळे पुसता पुसता त्यांनी पेला उचलला आणि सवयीनं पालथा केला. महाराज अडवायला धावेपर्यंत उशीर झाला होता.

तळाला निळा छापील शिक्का होता. कारखान्याचं नाव, आणि त्याखाली भांडी धुण्याच्या मशीनच्या चित्रावर फुली. शेजारी मुगाएवढं भोक. खालच्या ठोकळ्यालाही भोक, आणि आत पाणी डुचमळत होतं.

"महाराज," बाई शांतपणे म्हणाल्या, "हजार वर्षांपूर्वी तुमच्या गुरूंकडे भांडी धुण्याचं मशीन होतं का?"

कलियुगात शिक्के आपोआप उमटतात, असं काहीसं महाराज पुटपुटले. असे पेले बाईंनी म्युझियममध्ये हाताळले होते; त्यांनी सगळ्यांना समजावलं. म्हातारा पोकळ आहे, त्याच्या पोटात वाकडी नळी आहे. पाणी छातीपर्यंत ठेवलं तर राहतं. डोक्याकडे चढलं की नळी भरते, आणि टाकीतून रबरी नळीनं पेट्रोल ओढून काढतात तसं सगळं पाणी खाली ओढलं जातं. कोण रुसणार नि कोण येणार, हे ओतणारा हात ठरवतो.

मागून एक माणूस उठून पुढे आला. "गेल्या बैठकीत माझी मुलगी येऊन पाणी पिऊन गेली होती," तो म्हणाला. "आज तुम्ही तिला पुन्हा मारलंत."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"तुमचं दुःख खरं आहे," त्या म्हणाल्या. "माझंही आहे. म्हणून तर ते असल्या हातात देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला, की आधी तो पालथा करून बघा. डोळे भरलेले असले तरी बघता येतं."

त्यांनी पेला जागेवर ठेवला आणि पाण्याचा तांब्या त्या माणसाच्या हातात दिला. मग, कुणाचंही नाव न घेता, त्यानं पाणी ओतलं.

पाणी चढलं, थबकलं, उतरलं. पेला कोरडा होईपर्यंत तो बघत राहिला.